एसओपीची फाइल स्कॅन झाली, आता चौकटी कशात टाकायच्या? पीडीएफ, गुगल फॉर्म की ओडीके

जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी मिल) असो की डाळ मिल, ऑफिसच्या कपाटात एसओपीची, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीची, एक जाड फाइल असतेच. माल उतरवण्यापासून गोदामात थप्पी लावण्यापर्यंत कोणते काम कोणी, कोणत्या क्रमाने करायचे ते तिच्यात लिहिलेले असते. माझ्या ओळखीच्या बऱ्याच मिलवाल्यांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ही फाइल स्कॅन करून फोनवर घेतली आहे. फाइल हरवायची भीती गेली, पण कामात फरक पडला नाही. माणूस फोनवर पान बघतो आणि नोंद मात्र रजिस्टरातच करतो. मग पुढचा प्रश्न येतो: या पानातच टिक करायची चौकट, आकडा भरायची जागा, मशीन निवडायची यादी, फोटोचे बटण आणि 'असे असेल तर पुढे हे करा' अशी वाट टाकता येईल का? आणि टाकायची तर कशात?

मागचे दोन हंगाम मी हेच काम एका जिनिंग मिलमध्ये आणि एका उत्पादक कंपनीच्या डाळ मिलमध्ये केले. तुम्ही निवडीच्या उंबरठ्यावर असाल तर माझे मत आधीच सांगून टाकतो. कोणते साधन छान दिसते हे बघू नका. पुढच्या हंगामात त्यातली एखादी जागा बदलायची वेळ आली तर ती कोण बदलणार, हे बघा.

बदल किती वेळा करावा लागतो, त्याचा अंदाज घ्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ८,११० झाला. भारतीय कपास निगमच्या खरेदीत ओलाव्याचा हिशोब ८ टक्क्यांवर चालतो. ८ ते १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि १२ च्या वरचा कापूस घेत नाहीत. खासगी खरेदीत मालक स्वतःची वेगळी मर्यादा ठेवतो, आणि तीही बाजार बघून बदलतो. मशीन वाढते, जुने निघते, मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर बदलतो. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन चार-पाच महिन्यांत आटोपतो, त्यामुळे प्रत्येक वर्षी फाइलची पाच-दहा पाने बदलतातच. बदलासाठी दर वेळी नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावावा लागत असेल तर दुसऱ्या वर्षी लोक रजिस्टरावर परत जातात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आधी मजकूर मोकळा करा

स्कॅन म्हणजे चित्र. त्यातला शब्द शोधता येत नाही आणि त्यात चौकट टाकायची तर ती चित्रावर चिकटवल्यासारखी बसते. टेसरॅक्ट हे फुकट मिळणारे साधन मराठी छपाई बऱ्यापैकी ओळखते, पण हाताने लिहिलेल्या पानांपुढे आणि तिसऱ्या झेरॉक्सपुढे ते थकते. फाइल मूळ कॉम्प्युटरवर असेल तरी सुटका नाही. जुनी पाने बहुधा कृतिदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली असतात, आणि ती कॉपी करून दुसरीकडे टाकली की नुसती अगम्य अक्षरे उरतात. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या, आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला.

या निमित्ताने मजकूरही सुधारतो. आमच्या फाइलमध्ये एक वाक्य होते: 'मशीन चालू करण्यापूर्वी रोलर, चाकू, बेल्ट व गार्ड तपासून साफसफाई करून घ्यावी.' एका वाक्यात पाच कामे. याच्यापुढे एकच चौकट ठेवली तर टिकचा अर्थ काय? फिटरला बसवून विचारले तेव्हा कळले की गार्ड तो रोज बघतो, आणि रोलरच्या खाचा बुजल्या का हे मात्र रुई कमी निघू लागली की मगच बघतो. तिथेच ते वाक्य तोडले.

सगळ्या वाक्यांना चौकटी लावायचा मोह आवरा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी यादी काढली तिच्यात फक्त १९ बाबी आहेत आणि थांबण्याच्या जागा तीन: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले त्या अमेरिकेतल्या सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचे वडील आपल्याच विदर्भातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटीचे, म्हणून मिलमध्ये हे उदाहरण देताना मला बरे वाटते. ऑपरेशन थिएटरला १९ पुरतात, तर डीआर (डबल रोलर) जिनिंग मशीन चालू करायला ६० चौकटी नकोत. आम्ही पहिल्या हंगामात जवळपास तेवढ्या टाकल्या होत्या. आठवड्याभरात चहाच्या वेळी बसून सगळ्या एकदम टिक होऊ लागल्या.

अणुऊर्जा केंद्रांसाठी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०११ मध्ये संगणकीय कार्यपद्धतींचे एक मार्गदर्शक काढले. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत कागदच पडद्यावर दिसतो. दुसरीत आपण कुठवर आलो ते कळते, आकडे तपासले जातात आणि पुढची वाट सुचवली जाते. तिसरीत पडद्यावरूनच यंत्र चालते. आपल्याला हवी आहे ती दुसरी. तिसरी विकायला कोणी आले तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

भरता येणारी पीडीएफ

सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा हीच येते, आणि तिची एक बाजू खरोखर भक्कम आहे. पान जसेच्या तसे राहते. तोच मथळा, तोच पान क्रमांक, तीच सहीची जागा. ऑडिटर किंवा बँकेचा माणूस आला की त्याला ओळखीचे वाटते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंद आणि सही मान्य केली आहे, आणि पीडीएफमध्ये डिजिटल सहीची वेगळी जागाच ठेवता येते. भरायच्या जागा पीडीएफमध्ये १९९६ पासून आहेत, म्हणजे ही कालची गोष्ट नाही. लिबरऑफिस रायटरमध्ये फॉर्मची पट्टी उघडून चौकट, यादी, मजकुराची जागा टाकायची आणि पीडीएफ काढताना 'फॉर्म तयार करा' ही खूण ठेवायची. एक रुपयाही लागत नाही.

अडचण फोनवर सुरू होते. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल ज्या ॲपमध्ये उघडते त्यात जागा भरता येतीलच अशी खात्री नाही. आमच्या गेटवरचा मुलगा दोन दिवस म्हणत होता, "भाऊ, बोट लावतो तं हालत नाही हे." त्याच्या फोनमध्ये फाइल नुसती बघायला उघडत होती. काही ॲपमध्ये भरताना मराठी जोडाक्षरे तुटतात, 'ग्रेडर' लिहिले तर 'ग्' वेगळा आणि 'रे' वेगळा दिसतो. 'ओलावा १२ च्या वर असेल तर ही जागा उघड' अशी वाट करायला पीडीएफमध्ये जावास्क्रिप्ट लिहावी लागते, आणि मोबाइलवरची बहुतेक ॲप ती चालवत नाहीत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सगळे सुरेख चालते आणि गेटवर काहीच होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट: भरलेली प्रत्येक पीडीएफ ही वेगळी फाइल. दिवसाला ४० गाड्या आल्या तर ४० फाइली. डिसेंबरमध्ये ओलावा सरासरी किती होता, हे विचारले तर एकेक उघडून बघायची वेळ येते.

म्हणून पीडीएफ मी एवढ्यासाठीच ठेवतो: महिन्यातून एकदा भरायचे कागद, वार्षिक तपासणी, आणि जिथे सहीच महत्त्वाची आहे असे पान.

गुगल फॉर्म

शिकायला सगळ्यात सोपा. ज्याला लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर फोनवर टाइप करता येतो त्याला अर्ध्या दिवसात फॉर्म जमतो. उत्तरे थेट शीटमध्ये जमा होतात. बदल करायला कोणाची परवानगी नको, फॉर्म उघडा आणि ओळ बदला. आमच्या डाळ मिलमध्ये हिशोब बघणाऱ्या ताईंनी तिसऱ्या दिवशी स्वतः नवीन यादी टाकली. माझ्या कसोटीवर हे फार मोठे आहे.

एक युक्ती इथे उपयोगी पडते. आधीच भरलेल्या उत्तराची लिंक काढता येते. मशीन क्रमांक ४ भरलेली लिंक काढा, तिचा क्यूआर कोड छापा, लॅमिनेट करून मशीन ४ वर चिकटवा. फिटरने फोन धरला की मशीनची निवड आधीच झालेली असते.

पण तीन ठिकाणी अडते. नेटवर्क लागतेच. टिनाच्या शेडखाली, गावापासून चार किलोमीटरवर, दुपारी वीज गेल्यावर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. दुसरे, वाट फक्त निवडलेल्या पर्यायावरून फुटते, आकड्यावरून फुटत नाही. म्हणजे ओलावा '१३.४' असा भरून पुढचा प्रश्न बदलायचा असेल तर जमत नाही. '८ पर्यंत', '८ ते १२', '१२ च्या वर' असे पर्याय ठेवावे लागतात, आणि नेमका आकडा वेगळ्या प्रश्नात पुन्हा विचारावा लागतो. तिसरे, फोटो चढवायचा तर भरणाऱ्याला गुगल खात्याने लॉगिन करावे लागते आणि ते फोटो तुमच्या १५ जीबीतून जागा घेतात.

आणखी एक दोष उशिरा लक्षात येतो. प्रश्न बदलला तर जुनी उत्तरे कोणत्या शब्दांतल्या प्रश्नाला दिली होती याची खूण शीटमध्ये राहत नाही. जानेवारीत मर्यादा बदलली आणि मार्चमध्ये वाद झाला तर दाखवायला काही नसते. बदल केला की फॉर्मच्या नावात तारीख घाला आणि जुन्याची प्रत ठेवा, एवढी शिस्त तरी पाळा.

डाळ मिलला मात्र हा फॉर्म मानवला. ऑफिस गावातच, नेट चांगले, आणि माणसे सहा.

ओडीके आणि कोबो

ओडीके (ओपन डेटा किट) हे फोनवर नोंदी भरायचे साधन. त्याची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली, खेडोपाडी आरोग्य आणि शेतीची माहिती गोळा करायला. कोबोटूलबॉक्स त्याच पायावर उभे आहे. दोन्हींचा फॉर्म एका एक्सेल फाइलमध्ये लिहितात. एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर याद्या, तिसऱ्यावर फॉर्मचे नाव आणि आवृत्ती. ही फाइल चढवली की फॉर्म तयार. फोनवर तो एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय भरता येतो, नेट आले की नोंदी आपोआप जातात. बनवले गेले तेच अशा जागांसाठी, त्यामुळे आपल्या शेडमध्ये ते बुजत नाही.

आकड्यावरून वाट इथे फुटते, आणि यातच आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. ती सविस्तर सांगतो, कारण साधन कोणतेही घ्या, ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते.

पहिल्या फॉर्ममध्ये ओलाव्याच्या जागेला मर्यादा घातली: १२ च्या वरचा आकडा घ्यायचाच नाही, लाल अक्षरांत 'आकडा मर्यादेबाहेर आहे' असे दाखवायचे. कागदावर नियम बरोबर होता. चौथ्या दिवशी गेटवरचा मुलगा म्हणाला, "लाल आलं तं मी काय करू? गाडी वापस पाठवू का?" फॉर्म पुढे जात नव्हता, मागे गाड्यांची रांग, बैलबंडीवाला शेतकरी सकाळपासून उभा. त्याने १२ लिहिले आणि पुढे गेला. महिन्याअखेर शीट बघितली तर बरोबर १२ असलेल्या गाड्यांची गर्दीच दिसली. आमच्या चौकटीनेच त्याला खोटा आकडा लिहायला लावला होता.

मग मर्यादा काढली आणि वाट घातली. आकडा काहीही असो, फॉर्म घेतो. १२ च्या वर गेला तर तीन नवीन जागा उघडतात: गाडीतल्या दुसऱ्या ठिकाणचे दुसरे माप, मीटरचा फोटो, आणि 'ग्रेडरला बोलावले' ही चौकट. निर्णय ग्रेडर घेतो, मुलावर ओझे राहत नाही. नंतरच्या नोंदींत १२.६, १३.१, १४ असे खरे आकडे येऊ लागले. अडवणारी मर्यादा आता फक्त उघड टायपिंगच्या चुकीसाठी ठेवली आहे. रुईची गाठ साधारण १७० किलोची, तिथे कोणी १७ किंवा १,७०० लिहिले तर फॉर्मने अडवलेच पाहिजे.

बदलाच्या कसोटीवर ओडीके मधोमध आहे. एक्सेलच्या खान्यात लिहायची अट डोळ्यांना परकी वाटते, आणि एक कंस राहिला तर फॉर्म चढत नाही. पण याचा उपाय ओडीकेतच आहे. बदलणारे आकडे प्रश्नात लिहू नका. मर्यादा, भाव, मशीनची नावे हे सगळे वेगळ्या सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) ठेवा आणि फॉर्मने तिथून वाचावे अशी रचना करा. मग दरवर्षी फॉर्मला हात लावायचा नाही, दोन रकान्यांची ती छोटी फाइल बदलून चढवायची. आमचा फिटर बारावी झालेला आहे. त्याला मुख्य फॉर्म जमला नाही, सीएसव्ही मात्र पहिल्याच बैठकीत जमली.

प्रत्येक प्रश्नाला दोन भाषांचे रकाने देता येतात. प्रेसवर बाहेरून आलेले मजूर असतील तर मराठीशेजारी हिंदी ठेवा. प्रश्नाला आवाजही जोडता येतो, म्हणजे वाचता न येणारा ऐकू शकतो. गोदामात याचा उपयोग झाला, जिन हॉलमध्ये अजिबात नाही. डीआरच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे कळत नाही तिथे फोनचे कोण ऐकणार! तिथे मोठे अक्षर आणि चित्र हेच खरे. रुईचा बुरा पडद्यावर बसतो आणि बोट नीट लागत नाही, म्हणून बारीक याद्यांऐवजी ठसठशीत बटणे ठेवा.

कोणत्या प्रश्नावर किती वेळ गेला याची नोंदही ओडीके ठेवू शकते. तीस चौकटी चाळीस सेकंदांत भरल्या असतील तर ते दिसते. ही सोय मी चालू ठेवतो, पण माणसांना आधी सांगून, आणि पगार कापायला कधीच नाही. ज्या चौकटी सगळे न बघता टिक करतात त्या बहुधा निरुपयोगी असतात. त्या काढून टाकायला ही नोंद कामाची आहे.

तुरीला तेल-पाणी लावून ठेवणे, मग वाळवणे, अशी दोन-तीन दिवस चालणारी कामे असतील तर अर्धवट फॉर्म फोनमध्ये ठेवून नंतर पूर्ण करता येतो. गुगल फॉर्मही लॉगिन केलेल्या खात्यात अर्धवट उत्तरे ३० दिवस सांभाळतो, पण पाळी बदलली आणि खाते बदलले की ती दिसत नाहीत. ओडीकेत पाळीचा फोन एकच ठेवला की काम भागते.

खर्च? कोबोच्या फुकट खात्याला नोंदींची मर्यादा आहे. चढवण्याआधी तुमच्या हंगामातल्या गाड्या गुणून बघा. ओडीके स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. आपल्याकडे तो सहसा नसतो.

उरलेल्या दोन वाटा

गावातल्या इंजिनीअर मुलाकडून वेबपान बनवून घेणे. दिसायला सगळ्यात देखणे, हवे तसे, नेटशिवायही चालवता येते. पण तो मुलगा वर्षभरात पुण्याला जातो, आणि ते पान त्याच्याशिवाय कोणाला उघडून बदलता येत नाही. त्याच्यावर राग नाही, जायलाच हवे त्याने. पण मिल त्याच्या सुट्टीवर चालवता येत नाही.

कारखान्यांसाठीची तयार सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांत चांगले काम देतात. त्यांचे पैसे बहुधा माणशी दरमहा असतात. मिल पाच महिने चालते, बिल बारा महिन्यांचे येऊ नये म्हणून करार नीट वाचा. मराठी आहे का, आणि सोडताना नोंदी एक्सेलमध्ये परत मिळतात का, हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

कोणी काय घ्यावे

नेट बरे, माणसे दहाच्या आत, आणि आकड्यावरून निर्णय फारसे नाहीत, तर गुगल फॉर्म घ्या, पुढे विचारच करू नका. डाळ मिल, छोटे गोदाम, बियाणे वाटप यांना तो पुरतो. नेट जाते-येते, गेटवर रांग लागते, मापावरून वाट बदलते, तर ओडीके किंवा कोबो, आणि बदलणारे आकडे सीएसव्हीत. सही आणि पानाचे रूप महत्त्वाचे असेल तेवढ्याच कागदांना पीडीएफ. तिन्ही एकाच मिलमध्ये राहू शकतात, आमच्याकडे आहेत.

एक पान मात्र कशातच टाकू नका: आगीचे. कापसाच्या ढिगात ठिणगी पडली तर कोणी फोन काढून चौकट भरणार नाही, आणि भरूही नये. ते पान मोठ्या अक्षरांत, चार ओळींत, स्विचच्या शेजारी भिंतीवर रंगवून घ्या. वाळूच्या बादल्या आणि पाण्याची टाकी भरलेली आहे का, ही रोजची तपासणी तेवढी फॉर्ममध्ये येऊ द्या.

सुरुवात एकाच कामाने करा, गेटवरच्या ओलाव्याच्या नोंदीने. रजिस्टर लगेच बंद करू नका, पंधरा दिवस दोन्ही चालू द्या आणि रोज संध्याकाळी आकडे ताडून बघा. त्याच पंधरा दिवसांत एक परीक्षा घ्या. फिटरला किंवा हिशोबाच्या ताईंना बसवा, मर्यादेचा एक आकडा बदलायला सांगा, आणि तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. बदललेला आकडा अर्ध्या तासात गेटवरच्या फोनवर दिसला तर बाकीची फाइल चढवायला घ्या. नाही दिसला तर दुसरे साधन करून बघा. साधन निवडून फॉर्म बनवायचे काम पोळ्याच्या आसपास उरकले तर हाताशी वेळ राहतो, कारण गाड्या यायला दसरा उजाडतो.